दिवे मालवा, फॉइल तपासाला आलाय

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात ‘फॉइल्स वॉर’ या ब्रिटिश मालिकेची ओळख छापली होती. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज आणि तिथला डिटेक्टिव्ह चीफ सुपरिंटेंडंट ख्रिस्टोफर फॉइल. त्याला युद्धाच्या कामात जायचं असतं, ते मिळत नाही. मग बाहेर हजारो माणसं मरत असताना हा एकेका खुनाचा माग काढत राहतो. अँथनी हॉरोविट्झ यांनी रचलेली ही मालिका आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर २००२ ते २०१५ या काळात आली. लेखानंतर आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न ‘हे असं का?’ या जातीचे आहेत आणि उत्तर बहुतेकदा एकाच जागी सापडतं: तेव्हाच्या सरकारी हुकुमांत. दिवा, पेट्रोल, साखर, घड्याळ, सगळ्यांवर नियम होते आणि यातले गुन्हे त्या नियमांच्या फटींतून घडतात. म्हणून खाली नियम जरा तपशिलाने दिले आहेत. खुनी कोण, ते मात्र कुठेही फोडलेलं नाही.

मालिका कुठून सुरू करावी? मधलेच दोन-तीन भाग पाहिले तर चालतील का?
— एक वाचक, सहकारनगर

क्रमानेच पाहा. एकूण २८ भाग आहेत, आठ मालिकांत विभागलेले: पहिल्या चारांत प्रत्येकी चार भाग, पुढच्या चारांत प्रत्येकी तीन. एकेक भाग दीड तासाच्या आसपास जातो. प्रत्येकातला गुन्हा स्वतंत्र असला तरी माणसं आणि युद्ध पुढे सरकत राहतं. ‘द जर्मन वुमन’ हा पहिला भाग मे १९४० मधला. त्यात फॉइलचा सहकारी सार्जंट मिल्नर नॉर्वेच्या लढाईत पाय गमावून परतलेला आहे. हे ठाऊक नसेल तर पुढे त्याच्या घरात जे घडतं त्याचा अर्थ लागत नाही.

एक मोठी उडी लक्षात ठेवा. ‘कॅज्युअल्टीज ऑफ वॉर’ मार्च १९४३ मध्ये घडतो आणि त्याच्या शेवटी फॉइल राजीनामा देतो. पुढचा ‘प्लॅन ऑफ अटॅक’ थेट एप्रिल १९४४ मध्ये सुरू होतो. वाहिनीने मालिका बंद करायचं ठरवल्यामुळे युद्धाचा उरलेला काळ थोड्या भागांत बसवावा लागला. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

चारच भाग पाहायला वेळ असेल तर ‘द जर्मन वुमन’, ‘अमंग द फ्यू’, ‘बॅड ब्लड’ आणि ‘किलिंग टाइम’ हे पाहा. शेवटच्या दोन मालिका वेगळ्या आहेत. फॉइल तिथे लंडनमध्ये, गुप्तहेर खात्यात आहे. त्या वाईट नाहीत, पण हेस्टिंग्जमधला तो लहान गावाचा, सगळे सगळ्यांना ओळखतात असा पीळ तिथे राहत नाही. आणि इंग्रजी सबटायटल्स लावाच. मायकेल किचन यांनी रंगवलेला फॉइल बोलतो कमी आणि जे बोलतो ते ओठांतल्या ओठांत.

एका इंग्रजी युद्धकालीन मालिकेत जून महिन्यात घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि बाहेर लख्ख उजेड. ही चित्रीकरणातली चूक धरायची का?
— एक वाचक, एरंडवणे

आधी पडद्यावर येणारं साल पाहा. हेस्टिंग्ज साधारण ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे ग्रिनिच वेळेने सव्वाआठच्या सुमारास सूर्य मावळतो. युद्धात सरकारने घड्याळं पुढे केली: २५ फेब्रुवारी १९४० पासून एक तास, आणि तो हिवाळ्यातही मागे घेतला नाही. मग ४ मे १९४१ पासून उन्हाळ्यापुरता आणखी एक तास. म्हणजे जून १९४० मध्ये सूर्यास्त घड्याळात सव्वानऊला, तर जून १९४१ मध्ये सव्वादहाला. प्रसंग १९४० चा असेल तर साडेनऊला संधिप्रकाश हवा. १९४१ नंतरचा असेल तर लख्ख उजेड अगदी बरोबर. पुण्यात जूनमध्ये सव्वासातला दिवस संपतो, त्यामुळे आपल्या डोळ्यांना हे खटकणारच.

तपासाच्या दृष्टीने हा तास फार मोलाचा आहे. अंधारबंदी (ब्लॅकआउट, म्हणजे शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून दिवे झाकण्याचा हुकूम) सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होऊन सूर्योदयाआधी अर्धा तास संपायची आणि तिच्या नेमक्या वेळा रोज वर्तमानपत्रात छापून येत. ‘मी दहा वाजता त्याला रस्त्यावर ओळखलं’ असं साक्षीदार म्हणाला, तर जून १९४१ मध्ये ते शक्य आहे, डिसेंबरात नाही. घड्याळ पुढे करण्याचा प्रकार आपल्याकडेही झाला होता. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. त्या वर्षांतली पुण्यातली कथा लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. बहुतेक जण विसरतात.

फॉइल इतका मोठा अधिकारी, मग त्याची गाडी गणवेशातली एक तरुणी का चालवते? आणि रात्री गाडीला दिवेच नसल्यासारखं का दिसतं?
— एक वाचक, कोथरूड

फॉइल गाडी चालवत नाही आणि चालवणारे पुरुष सैन्यात गेलेले. सॅम, म्हणजे समांथा स्टुअर्ट, ही ‘मेकॅनाइज्ड ट्रान्सपोर्ट कोर’ या महिला वाहनचालकांच्या स्वयंसेवी दलातली आहे. ती पोलीस नाही. त्यामुळे चौकशीत तिने तोंड घालू नये अशी अपेक्षा असते, जी ती पाळत नाही. ही भूमिका हनीसकल वीक्स यांची.

दिव्यांचं म्हणाल तर अंधारबंदी १ सप्टेंबर १९३९ पासून लागू होती. पुढच्या एका दिव्यावर आडव्या फटींचं झाकण, दुसऱ्यातला बल्ब काढलेला, बंपर आणि मडगार्डच्या कडांना पांढरा रंग. फेब्रुवारी १९४० पासून वस्तीत रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. तरीही अपघात वाढले, कारण फटीतून पडणारा उजेड जमिनीलगत थोड्याच अंतरावर पोचायचा आणि पादचाऱ्याला वाटायचं की गाडीवाल्याला आपण दिसतोय. कोणाला गाडीखाली घालून ‘अंधारात दिसला नाही’ म्हणायला ही सोय उत्तम, आणि पटकथालेखक ती सोडत नाहीत.

आणखी एक बारकावा. १९४० मध्ये जर्मन छत्रीधारी उतरले तर गाड्या त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून उभी गाडी निकामी करून ठेवणं सक्तीचं झालं. सोपा उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालचा रोटर काढून खिशात टाकायचा. रोटर नसला की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही, स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. मेलेल्या माणसाच्या खिशात रोटर सापडला तर गाडी त्यानेच उभी केली होती. गाडीत रोटर जागेवर असेल तर ती सोडणारा घाईत होता किंवा त्याला नियम माहीत नव्हता. गावांच्या पाट्याही त्याच उन्हाळ्यात उखडल्या होत्या. म्हणून या भागांत रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाकडे लोक संशयाने बघतात.

एवढ्याशा लोण्या-साखरेसाठी खून पाडतात हे पटत नाही.
— एक वाचक, सदाशिव पेठ

लोण्यासाठी कोणी खून पाडत नाही. लोण्याच्या धंद्यासाठी पाडतात. आधी आकडे पाहू. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली, मार्चमध्ये मांस, जुलैत चहा, पुढच्या वर्षी जॅम, चीज आणि अंडी. प्रमाण सतत बदलत होतं, पण डोक्यात ठेवायला एका माणसाचा आठवड्याचा हिशेब असा: बेकन ४ औंस, लोणी २ औंस, साखर ८ औंस, चहा २ औंस, अंडं एक. औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅम. चहा आठवड्याला ५७ ग्रॅम, म्हणजे दिवसाला जेमतेम साडेतीन कप, तेही पाहुणा आला नाही तर. सदाशिव पेठेत ‘चहा घेऊनच आला असाल’ म्हणायला सरकारी पाठबळ मिळालं असतं.

मांस वजनावर नव्हे, किमतीवर होतं. सुरुवातीला माणशी आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सचं. स्वस्त तुकडा घेतला तर जास्त वजन पदरात. खाटीक कोणाला कोणता तुकडा देतो, यात गावातलं राजकारण आलंच. मासे, कोंबडी आणि शिकारीचं मांस रेशनबाहेर होतं. फॉइल गळ टाकून बसतो तो निव्वळ छंद नाही. ट्राउट मिळाला तर रात्रीचं जेवण कूपनशिवाय होतं. पाव युद्ध चालू असताना रेशनवर नव्हता. तो आला जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकल्यानंतर. शेवटच्या दोन मालिकांमधला लोकांचा वैताग त्यातून कळतो. रेशन पूर्ण उठायला ४ जुलै १९५४ उजाडलं.

तपासाला उपयोगी गोष्ट पुढे आहे. प्रत्येक कुटुंबाने एकाच वाण्याकडे नाव नोंदवायचं, माल फक्त तिथूनच. मोठ्यांचं पुस्तक फिक्या बदामी रंगाचं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हिरवं. त्यापुढच्या मुलांसाठी निळं. कोणी मेलं की पुस्तक परत करायचं. त्यामुळे वाण्याला गावातली सगळी गुपितं ठाऊक. लपवलेल्या माणसाला खायला घालायचं तर दुसऱ्याच्या वाट्यातून किंवा काळ्या बाजारातून. ‘मावशी स्कॉटलंडला गेली’ म्हणणाऱ्याने मावशीचा चहा उचलणं चालू ठेवलं असेल, तर फॉइलला फार दूर जावं लागत नाही. पेट्रोलचंही तेच. ते सप्टेंबर १९३९ पासून रेशनवर होतं आणि जुलै १९४२ पासून खासगी कामासाठी मिळणंच बंद झालं. ‘अमंग द फ्यू’ हा पूर्ण भाग पेट्रोलच्या चोरीभोवती फिरतो.

पौंड, शिलिंग, गिनी यांचा हिशेब समजत नाही. पाच पौंडांची नोट बघून दुकानदार एवढा का दचकतो?
— एक वाचक, चिंचवड

घरात कोणाला आणे-पै आठवत असतील तर अर्धं काम झालं. १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपल्याकडे आण्याच्या १२ पै होत्या, रुपयाच्या १९२. दुकानात ५/६ अशी पाटी दिसली तर ती ५ शिलिंग ६ पेन्स. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तिचं नाणं केव्हाच गेलेलं, पण डॉक्टर, वकील आणि घोड्यांचे व्यापारी बिल गिनीतच सांगत. हाफ-क्राउन अडीच शिलिंगांचं. आपल्याकडे दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली, त्यांच्याकडे १५ फेब्रुवारी १९७१ ला.

युद्धकाळात रुपयाचा भाव दीड शिलिंग ठरलेला होता. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै आणि पाच पौंडांना ६६ रुपये १० आणे ८ पै. कामगाराची आठवड्याची कमाई त्याच्या आसपास. ती नोट पांढरी, एकाच बाजूला काळी छपाई असलेली, साधारण २१ सेंटिमीटर लांब. घडी घातल्याशिवाय पाकिटात मावत नसे. बँका नंबर लिहून ठेवत आणि दुकानदार नोटेच्या मागे देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घेत. म्हणून खंडणी मागणारा हुशार असेल तर एकेक पौंडाच्या नोटा मागतो. पांढऱ्या नोटा मागणारा पात्र दिसला की समजा, तो पकडला जाणार. जर्मनांनीही या नोटा मोठ्या प्रमाणावर छापल्या होत्या, आणि १९४३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने दहा पौंडांपासून वरच्या नोटा काढणं बंद केलं.

डॉक्टर मृतदेहाजवळ वाकतो आणि लगेच सांगतो, ‘मृत्यू रात्री दहा ते अकरादरम्यान.’ खरंच इतकं अचूक सांगता येतं?
— एक वाचक, सोमवार पेठ

नाही. तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. त्या काळात वापरात असलेला ढोबळ हिशेब असा: ९८.४ फॅरनहाइटमधून गुदद्वारातून घेतलेलं तापमान वजा करायचं आणि दीडने भागायचं. ८९.४ भरलं तर फरक ९, म्हणजे सहा तास. चुका अनेक. पहिला काही वेळ शरीर फारसं थंड होतच नाही. जाड माणूस, लोकरी कोट, बंद खोली यांत उशीर लागतो. वारा आणि पाणी यांत लवकर. इंग्लंडच्या थंडीत निदान तापमान उतरतं तरी. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८-३९ सेल्सिअस असताना शरीर थंड व्हायचं कशाला? तिथे हे गणित कोलमडतं.

मग उरतं अंग ताठणं. भारतात ते एक-दोन तासांत सुरू होतं आणि उन्हाळ्यात साधारण १८ ते ३६ तास, हिवाळ्यात २४ ते ४८ तास टिकतं. तिथल्या थंडीत ते उशिरा सुरू होऊन जास्त वेळ राहतं. इंग्रजी मालिकेतले तास उचलून मुळा-मुठेच्या काठावर चिकटवणाऱ्या लेखकांनी एवढं तरी तपासावं.

रक्ताबाबत: ते माणसाचं की प्राण्याचं हे १९०१ पासून सांगता येत होतं आणि रक्तगटही कळत होता. पण गट जुळला म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. न जुळल्यास एखाद्याला वगळता येतं, एवढंच. डीएनएचा उपयोग गुन्ह्याच्या तपासात १९८६ पासून. बोटांचे ठसे मात्र फॉइलच्या हाताशी होते. स्कॉटलंड यार्डाचा ठसे विभाग १९०१ चा. त्याच्या चार वर्षं आधी तो कलकत्त्यात सुरू झाला होता, आणि वर्गीकरणाचं खरं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं होतं, नाव एडवर्ड हेन्री यांचं झालं.

शेवटी गुन्हेगार फॉइलसमोर सगळं कबूल करतो आणि भाग संपतो. आपल्याकडे हे चालेल का?
— एक वकील वाचक, शिवाजीनगर

तुम्हाला उत्तर माहीत आहे, इतरांसाठी देतो. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. कबुली हवी तर ती मॅजिस्ट्रेटपुढे. इंग्लंडमध्ये मात्र ताकीद देऊन, धाकदपटशा न करता घेतलेली कबुली कोर्टात चालायची. १९१२ पासूनचे ‘जजेस रूल्स’ त्यासाठीच होते. म्हणून फॉइलची दहा मिनिटांची शांत उलटतपासणी तिथे निकाली ठरते. तोच प्रसंग फरासखाना पोलीस चौकीत बसवलात तर पुढे पंचनामा, जप्ती आणि साक्षीदार असं सगळं लिहावं लागेल.

युद्धकाळात इंग्लंडमध्ये ज्युरी १२ वरून ७ जणांवर आणली होती, पण खून आणि देशद्रोहाच्या खटल्यांत १२ कायम होते आणि निर्णय एकमताने लागायचा. खुनाला फाशी ठरलेलीच. फॉइल गुन्हेगार सापडल्यावर खूश का दिसत नाही, त्याचं एक कारण हे. तिथली शेवटची फाशी ऑगस्ट १९६४ मध्ये झाली.

आणि फॉइलला वरून ‘हे प्रकरण सोडा’ असं वारंवार का सांगितलं जातं? संरक्षण नियमावलीतल्या १८ब या नियमाखाली कोणालाही खटल्याविना डांबता यायचं आणि सरकारी गुपितांच्या कायद्याखाली साक्षीदाराचं तोंड बंद करता यायचं. खुनी जर सरकारच्या उपयोगाचा असेल तर पोलिसाच्या हातात फक्त चिकाटी उरते.

फॉइलच्या भागांच्या तारखांना आपल्या पुण्यात काय चाललं होतं?
— एक वाचक, येरवडा

तुमच्या शेजारीच. ‘बॅड ब्लड’ हा भाग ऑगस्ट १९४२ मधला आहे. ९ ऑगस्टला मुंबईत अटक झाल्यावर गांधीजींना आगाखान पॅलेसमध्ये आणलं गेलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्टला तिथेच वारले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. गांधीजी सुटले ६ मे १९४४ ला. ‘ब्लीक मिडविंटर’ (डिसेंबर १९४२) आणि ‘कॅज्युअल्टीज ऑफ वॉर’ यांच्या मध्ये, २४ जानेवारी १९४३ ला, कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात बाँबस्फोट झाला. त्या तपासावर मराठीत कोणी तोडीची मालिका करावी. विषय हाताशी आहे आणि कॅम्पातल्या इमारती अजून थोड्याफार उभ्या आहेत.

आमचा महाविद्यालयीन गट १९४० च्या इंग्लंडमधली एक रहस्यप्रधान एकांकिका भरत नाट्य मंदिरात करणार आहे. पैसे कमी आहेत. काळ कसा उभा करायचा?
— एकांकिकेचा गट, कर्वे रस्ता

गोष्ट स्वतःची लिहा. मालिकेतला भाग उचलायचा तर हक्क घ्यावे लागतील.

खिडकीपासून सुरुवात करा, कारण प्रेक्षकाला युद्ध तिथे दिसतं. काच लावू नका. चौकटीवर पातळ नायलॉनची जाळी ताणा आणि तिच्यावर दीड इंच रुंदीच्या खाकी कापडाच्या पट्ट्या फुलीच्या आकारात चिकटवा. खरी पट्टी डिंकाच्या कागदाची असायची, पण पुण्यातल्या पावसाळी हवेत कागद दुसऱ्या प्रयोगापर्यंत सोलून लोंबायला लागतो. काळा पडदा मांजरपाटावर काळा रंग चढवून होतो. एकेरी कापडातून मागचा दिवा गळतो, म्हणून दुहेरी शिवा आणि चौकटीपेक्षा चारही बाजूंनी सहा इंच मोठा ठेवा. पडदा ओढायची कृती पात्राला द्या. दिवा लावण्याआधी पडदा ओढायचा, हा क्रम चुकला तर अंधारबंदीवर लक्ष ठेवणारा वॉर्डन दारात उभा राहील. तो चुकवूनही नाट्य साधता येतं.

रंगमंचावर खरा अंधार करू नका. मागच्या रांगा कंटाळतात. निळं जिलेटिन, डिमर १५ ते २० टक्क्यांवर आणि पात्राच्या हातात टॉर्च, काचेवर पांढऱ्या पातळ कागदाचे दोन थर, झोत जमिनीकडे. नियमही तसाच होता. एलईडी टॉर्चचा उजेड निळसर पांढरा पडतो आणि काळ मोडतो. आत अंबर जिलेटिनचा तुकडा घाला.

ध्वनीत सगळ्यात जास्त चुका होतात. धोक्याचा भोंगा उंच-खाली हेलकावे खाणारा; धोका टळल्याचा एकसुरी. हे उलट वाजलं की जाणकार हसतात. रेडिओ व्हॉल्व्हचा असतो. बटण फिरवल्यावर वीस-तीस सेकंद काही ऐकू येत नाही, मग आवाज हळूहळू चढतो. पात्राने बटण फिरवावं, कोट काढावा, खुर्ची ओढावी, मग बातम्या. त्या शांततेत एखादं महत्त्वाचं वाक्य ठेवा. १९४० च्या उन्हाळ्यापासून बीबीसीचे निवेदक बातम्यांआधी स्वतःचं नाव सांगत, जर्मनांनी नक्कल करून फसवू नये म्हणून.

फोनची घंटा दोनदा-दोनदा वाजते. आपल्या जुन्या काळ्या डायलच्या फोनचीही तशीच, त्यामुळे ती ध्वनिफीत चालेल. फोन बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात शोधा. आतला भाग बिघडलेला असेल तर स्वस्तात मिळतो आणि तुम्हाला बाहेरचंच हवं आहे. दूरच्या गावाशी बोलायचं तर पात्राने थेट डायल करू नये, ऑपरेटरला सांगून वाट बघावी.

सार्वजनिक फोनच्या पेटीला ए आणि बी अशी दोन बटणं असत. नाणी टाकून नंबर लावायचा, पलीकडे उचलला की ए दाबायचं. ए दाबेपर्यंत तुम्हाला पलीकडचा आवाज ऐकू येतो, त्याला तुमचा नाही. बी दाबलं की नाणी परत. म्हणजे अमुक माणूस घरी आहे का, हे एक पैही न घालवता आणि आवाज न देता तपासता यायचं. तुमच्या खुन्याला यापेक्षा जास्त काय हवं?

कपड्यांत पुरुषाने घरात शिरताना टोपी काढलीच पाहिजे. पायाशी दुमडलेल्या घडीच्या नव्या पँट मार्च १९४२ नंतर बंद झाल्या, पण तुमची गोष्ट १९४० ची असल्याने घडी चालेल. प्रत्येकाच्या खांद्याला गॅस मास्कची पुठ्ठ्याची चौकोनी पेटी, सहा-सात इंचांची, जाड सुतळीने अडकवलेली. रविवार पेठेत पुठ्ठा घ्या. पेटी रिकामी ठेवलीत तर चालताना ती उडते आणि रिकामी आहे हे शेवटच्या रांगेलाही कळतं. आत ओली नसलेली वाळू पाव किलो, पिशवीत बांधून ठेवा.

आणि चर्चची घंटा वाजवू नका. जून १९४० पासून ती फक्त शत्रू उतरल्याची खूण म्हणून राखून ठेवली होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या विजयासाठी ती पुन्हा वाजली.

इंग्लंडला मुलाकडे जाणार आहोत. फॉइलचं घर पाहता येईल का?
— एक दांपत्य, औंध

बाहेरून. हेस्टिंग्जच्या जुन्या गावात क्रॉफ्ट रोडवर त्याचं चित्रीकरण झालं. तिथे लोक राहतात, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच. लंडनच्या चेअरिंग क्रॉसवरून थेट गाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. स्टेशनपासून जुनं गाव चालत गाठता येतं. चढ आहे, गुडघ्यांचा विचार करा. किनाऱ्यावर जाळी ठेवायच्या उंच, काळ्या लाकडी खोल्या आहेत आणि मासेमारीच्या बोटी अजूनही किनाऱ्यावरच्या गोट्यांवर ओढून ठेवतात. १०६६ ची प्रसिद्ध लढाई मात्र हेस्टिंग्जमध्ये झाली नाही. ती जागा सहा मैलांवर, बॅटल या गावी.

‘एंडेव्हर’च्या संगीतात सांकेतिक संदेश लपलेला आहे असं ऐकलं. खरं आहे?
— एक वाचक, नवी पेठ

खरं आहे. बॅरिंग्टन फेलाँग यांनी ‘इन्स्पेक्टर मोर्स’साठी केलेल्या मूळ धुनेत मोर्स हे नाव मोर्स लिपीतच वाजतं आणि तरुण मोर्सच्या या मालिकेत तेच सूत्र पुढे चालू आहे. एमसाठी दोन लांब, ओसाठी तीन लांब, आरसाठी आखूड-लांब-आखूड, एससाठी तीन आखूड, ईसाठी एक आखूड. लांब ठोका आखुडाच्या तिप्पट धरा आणि दोन अक्षरांमध्ये एका लांब ठोक्याएवढी जागा सोडा. टेबलावर चार-पाचदा वाजवून मग शीर्षकसंगीत ऐका. वरच्या सुरांकडे दुर्लक्ष करून मागे एकाच स्वरावर चाललेला ठेका पकडा.